ओटा दगडाचा, कपाटं पेटीतली

नगरकडे स्वयंपाकघर नवं केल्याची बातमी 'ट्रॉल्या बसवल्या' अशीच सांगितली जाते. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, पण एसटीच्या रांगेत आणि हार्डवेअरच्या दुकानात अजून नगरच चालतं.) ट्रॉल्या म्हणजे काय, ते मराठी घरात समजावून सांगावं लागत नाही. कडप्प्याच्या उभ्या पाट्यांवर ग्रॅनाइटचा ओटा, त्याखालच्या खणांत चॅनेलवर सरकणाऱ्या स्टीलच्या जाळ्या आणि पुढे सनमायका लावलेली शटरं. सावेडीतल्या बंगल्यापासून नेवाशाच्या वाडीवरल्या नव्या घरापर्यंत हाच साचा दिसतो. आता या साच्याला नवा स्पर्धक आला आहे. कारखान्यात कापलेल्या, कडा बंद केलेल्या, भोकं पाडलेल्या फळ्या सपाट खोक्यांत घरी येतात आणि एक-दोन दिवसांत त्यांची कपाटं उभी राहतात. जुनं स्वयंपाकघर तोडून नवं करणाऱ्या कुटुंबापुढे मग तीन वाटा असतात: सुतार लावून सगळं प्लायवूडमध्ये करायचं, ट्रॉल्यांवरच भागवायचं, की सगळं पेटीतून आणायचं. या तिन्हींची तुलना बहुतेक वेळा किंमत आणि दिसणं या दोनच गोष्टींवर होते. पण या जिल्ह्यात कपाटाचं आयुष्य ठरतं ते पाणी कुठे सांडतं यावर. म्हणून एकाच पद्धतीने सगळं स्वयंपाकघर करण्याचा हट्ट सोडावा. ओल्या बाजूचा सांगाडा दगडाचा ठेवावा आणि कोरड्या भिंतीला खुशाल पेटीतली कपाटं लावावीत. हे म्हणणं तपासून पाहण्यासाठी आधी पेटीत नेमकं काय येतं ते बघू.

सुटे भाग सपाट बांधून पाठवण्याची कल्पना दिसते त्याहून जुनी. मिखाएल थोनेट या कारागिराची १४ नंबरची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची १८५९ साली बाजारात आली. ती सहा लाकडी भागांची होती आणि सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या मावत. आयकियाच्या गोष्टीत १९५६ साली गिलिस लुंडग्रेन या कर्मचाऱ्याने टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि तिथून कंपनीचा सगळा व्यापारच सपाट खोक्यावर उभा राहिला. स्वयंपाकघराला ठरावीक मापांत बसवण्याचा विचार त्याहीआधी, १९२६ मध्ये, मार्गारेट शूट-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी केला होता, आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. भारतात आयकियाचं पहिलं दालन हैदराबादला ऑगस्ट २०१८ मध्ये उघडलं, तर नवी मुंबईत तुर्भ्याचं डिसेंबर २०२० मध्ये. देशी मोठ्या कंपन्या त्याआधीपासून या धंद्यात आहेतच.

या सगळ्या इतिहासातून ग्राहकाच्या कामाची गोष्ट एकच निघते, ती म्हणजे माप. युद्धोत्तर जर्मनीत फर्निचरच्या फळ्यांवर ३२ मिलिमीटरच्या अंतराने भोकं पाडण्याची रीत रुळली, आणि शटरमध्ये बसणाऱ्या बिजागरीच्या वाटीचं माप ३५ मिलिमीटर असं जगभर ठरून गेलं. त्यामुळे दहा वर्षांनी बिजागरी तुटली, तरी त्या मापाची दुसरी कोणत्याही बऱ्या हार्डवेअरवाल्याकडे मिळते. पेटीतल्या कपाटाचा सर्वांत मोठा गुण हा आहे. काही विक्रेते मात्र स्वतःच्याच खास मापाच्या बिजागऱ्या, खास पंप आणि खास हँडल देतात. ते सुटे भाग पुण्याहून मागवावे लागतात आणि कंपनीने मॉडेल बंद केलं की पुण्यातही मिळत नाहीत. नगरहून पुणं १२० किलोमीटर, तुर्भे सव्वादोनशेच्या पुढे. जामखेडकर किंवा अकोलेकराने एका बिजागरीसाठी एवढी पायपीट का करावी? म्हणून रंग निवडण्याच्या आधी बिजागरी हातात घेऊन तिची वाटी मोजावी.

आता फळी. पेटीतल्या कपाटांबद्दल सर्रास ऐकू येणारा आक्षेप म्हणजे 'तो भुसा असतो'. आक्षेप अर्धा खरा आहे. बहुतेक फ्लॅट-पॅक कपाटांचा सांगाडा पार्टिकल बोर्डचा असतो, म्हणजे लाकडाचे बारीक कपटे राळेत दाबून केलेली फळी, वर मेलामाइनचा थर. पण सगळे पार्टिकल बोर्ड एका माळेचे मणी नाहीत. युरोपच्या ईएन ३१२ या मानकात 'पी-२' हा प्रकार कोरड्या जागेतल्या फर्निचरसाठी आहे आणि त्याला पाण्यात फुगण्याची मर्यादाच घातलेली नाही. 'पी-३' हा दमट जागेसाठी. १८ मिलिमीटरची ही फळी २४ तास पाण्यात ठेवली तर जाडीत १४ टक्क्यांपर्यंत फुगलेली चालते. म्हणजे दमट जागेसाठी म्हणून मान्यता मिळालेली फळीसुद्धा दिवसभर पाण्यात राहिली तर अडीच मिलिमीटर वाढू शकते, आणि एवढी वाढ शटर अडकायला पुरेशी आहे. आपल्याकडे पार्टिकल बोर्डाला आयएस ३०८७, मेलामाइन चढवलेल्याला आयएस १२८२३, एमडीएफला आयएस १२४०६ ही मानकं आहेत. प्लायवूडमध्ये आयएस ३०३ खाली 'एमआर' आणि 'बीडब्ल्यूआर' असे दोन दर्जे येतात, तर आयएस ७१० म्हणजे 'मरीन'. त्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो, बीडब्ल्यूआरचा ८ तास. दुकानात 'वॉटरप्रूफ' हा शब्द फार स्वस्त झाला आहे, त्याऐवजी फळीवर छापलेला आकडा वाचावा. हिरव्या गाभ्याची फळी दाखवून 'ही पाण्याला दाद देत नाही' असं सांगणाऱ्यालाही तोच आकडा विचारावा, कारण हिरवा रंग ओळखीसाठी मिसळलेला असतो. त्याने पाणी थांबत नाही.

इथे थोडं आडवळण. जगातला पार्टिकल बोर्ड लाकडाच्या कपट्यांचा, पण या जिल्ह्याला कपट्यांचा तोटा नाही. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमाराला प्रवरानगरला उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या कारखान्यानंतर जिल्हाभर चिमण्या उभ्या राहिल्या. उसाच्या वजनाच्या पाव हिश्शाहून जास्त ओलं चिपाड गाळपातून निघतं. त्या चिपाडापासून फळी करता येते आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरला ती केलीही गेली आहे. नगरचं चिपाड मात्र मुख्यतः बॉयलरमध्ये जातं, कारण त्यापासून होणारी वीज विकता येते. तेव्हा जळगाव-नाशिकचा व्यापारी काय आणि नगरचा काय, फळी बाहेरूनच आणतो. चिपाडाची फळी मिळालीच तर तिलाही वरचेच प्रश्न विचारायचे. ती आपल्या मातीतली आहे म्हणून कमी फुगत नाही.

फुगते कशाने? हवेतल्या ओलीने की सांडलेल्या पाण्याने? या प्रश्नावर सगळा निर्णय फिरतो आणि नेमका इथेच बाहेरून आलेला सल्ला चुकतो. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला हा जिल्हा पावसाच्या दृष्टीने दोन जिल्हे आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या कुशीतलं अकोले तालुक्याचं पश्चिम टोक, भंडारदरा-घाटघरचा पट्टा, चार महिने पावसात बुडालेला असतो. तिथून पूर्वेला उतरलं की पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो. नगर, पारनेर, कर्जत, पाथर्डी या तालुक्यांना दुष्काळाची सवयच आहे. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता ३० टक्के असताना त्यात साधारण ६ टक्के ओल असते, ८० टक्के असताना १५ च्या पुढे. अकोल्याच्या या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे डांगाणात, हा हिशेब चार महिने लागू होतो, म्हणून तिथे पी-२ दर्जाची फळी कुठल्याच भिंतीला लावू नये. नगर, श्रीगोंदे, शेवगावात मात्र वर्षातले आठ-नऊ महिने हवा कोरडी असते. हवेपुरतं बोलायचं तर चांगल्या कडापट्टीचं पार्टिकल बोर्डाचं कपाट इथे मुंबईपेक्षा किंवा रत्नागिरीपेक्षा निवांत जगेल. कोकणातल्या नातेवाइकाने 'आमच्याकडे दोन वर्षांत फुगलं' असं सांगितलं, तर ते खरं असूनही नगरला जसंच्या तसं लागू नाही.

तरी नगरातही कपाटं फुगतात, आणि जवळजवळ नेहमी एकाच जागी: सिंकच्या खाली, सिंकच्या शेजारी आणि तळाच्या चार बोटांत. आपल्याकडे स्वयंपाकानंतर ओटा पुसत नाहीत, धुतात. तांब्याने पाणी मारायचं, घासायचं, हाताने किंवा वायपरने सिंककडे लोटायचं. फरशीही अनेक घरांत आठवड्यातून एकदा तरी पाणी ओतून धुतली जाते, आणि जुन्या घरात स्वयंपाकघरातच मोरी असते. शहराला पाणी मुळा धरणातून येतं आणि अनेक भागांत दिवसाआड येतं, त्यामुळे पिंप, कळशी, हंडे हेही ओट्याजवळ. पाणी आलं की सगळं भरून ठेवण्याची घाई आणि त्या घाईत ओसंडलेलं पाणी. बोअरचं पाणी जड असल्याने नळाच्या बुडाशी आणि सिंकच्या जाळीशी क्षार साठतात, वॉशर लवकर खातात आणि सापळ्याच्या नट-बोल्टातून थेंब-थेंब गळती सुरू होते. ही गळती बंद कपाटाच्या अंधारात महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. फळीची कड जिथे कापलेली आहे आणि जिथे पाइपासाठी मिस्त्रीने जागेवर भोक पाडलं आहे, तिथून पाणी आत शिरतं. कारखान्याने चारी कडा कितीही नीट बंद केल्या, तरी ते शेवटचं भोक उघडंच राहतं. युरोपातली घरं याच फळ्यांच्या कपाटांत दोन-तीन दशकं काढतात, हे खरं. पण तिथे ओटा ओल्या फडक्याने पुसतात, भांडी यंत्रात जातात आणि फरशीवर बादली ओतण्याची पद्धत नाही. त्यांच्या अनुभवातून आपल्याला शिकायचं ते कोरड्या भिंतीपुरतं.

म्हणूनच ट्रॉलीच्या ओट्याकडे जुनाट म्हणून बघण्याआधी दोनदा विचार करावा. आंध्रच्या कडप्पा जिल्ह्यावरून नाव पडलेला हा काळा चुनखडीचा दगड फुगत नाही, सडत नाही आणि वाळवीला खायला देत नाही. दुसऱ्या शब्दांत, मराठी घराने मॉड्युलर स्वयंपाकघरातला सर्वांत नाजूक भाग, म्हणजे सांगाडा, दगडाचा केला आणि फक्त सरकणारे भाग बाजारातून आणले. जाळ्यांची मापंही बाजारात ठरलेली आहेत, १५, १७, १९, २१ इंच रुंदीची आणि बहुधा २० इंच खोलीची. तेव्हा फ्लॅट-पॅकचा मूळ विचार, ठरलेल्या मापाचे सुटे भाग, इथे आधीच आलेला आहे. दगडाचे दोष झाकायचं कारण नाही. कडप्प्याच्या सांध्यांत झुरळांना घर मिळतं, पाट्या क्वचितच काटकोनात बसतात, लिंबू-चिंचेच्या आंबटाने तो खरवडल्यासारखा होतो म्हणून वरचा पाटा ग्रॅनाइटचाच घ्यावा लागतो, आणि एकदा बांधलेला ओटा हलवायचा तर घणच लागतो. शिवाय स्टीलच्या जाळ्यांत फसवणूक भरपूर. ३०४ दर्जाच्या स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं आणि ओल्या जागेत ते लवकर गंजतं. लोहचुंबक लावून फरक कळतो असं सांगतात, पण दोन्हींना चुंबक चिकटत नाही, त्यामुळे ही परीक्षा फुकट आहे. बिलावर दर्जा लिहून घेणं हाच त्यातल्या त्यात इलाज.

सुताराच्या बाजूने बोलणारे म्हणतील, मग सगळंच मरीन प्लायमध्ये करून मोकळं व्हा. या म्हणण्याला वजन आहे. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते वाकायला तयार नसतं. आयएस ७१० च्या प्लायवूडचा ताठपणा चांगल्या पार्टिकल बोर्डाच्या तिप्पट-चौपट असतो, त्यात स्क्रू पुन्हा पुन्हा धरतो आणि थोडं भिजलं तर वाळून जागेवर येतं. पण घरच्या अंगणात बसून केलेल्या कामाचा कमकुवत दुवा फळी नसून तिची कड असते. हातकरवतीने किंवा छोट्या मशीनने कापलेल्या कडेवर फेव्हिकॉलने चिकटवलेली सनमायकाची पट्टी वाफेने आणि तेलाच्या चिकट थराने दोन-चार वर्षांत सुटते. कारखान्यातलं कडापट्टीचं मशीन ती पट्टी गरम गोंदाने दाबून बसवतं. त्यातही दोन प्रकार. नेहमीचा ईव्हीए गोंद शेगडीच्या झळीने मऊ पडतो, पीयूआर गोंद उष्णता आणि पाणी दोन्ही अधिक सोसतो. आता जिल्ह्यातल्या मोठ्या गावांतूनही पॅनेल सॉ आणि कडापट्टीचं मशीन असलेल्या कार्यशाळा निघाल्या आहेत. बीडब्ल्यूआर प्लाय किंवा एचडीएचएमआर (ओल सोसणारी दाट फळी) त्यांच्याकडून कापून, कडा बंद करून, भोकं पाडून घेतलं आणि घरच्या सुताराने जोडलं, तर तेही फ्लॅट-पॅकच झालं. पेटीवर कंपनीचं नाव छापलेलं असायलाच हवं असं नाही. उलट दुरुस्तीला माणूस हाकेच्या अंतरावर राहतो, ही मोठी सोय.

पीव्हीसी-डब्ल्यूपीसीच्या फळ्यांचाही सध्या बोलबाला आहे. पाणी आणि वाळवी यांना त्या खरंच दाद देत नाहीत, म्हणून सिंकखालच्या शटरांना त्या योग्य आहेत. पण उष्णतेने त्या मऊ पडतात, रुंद खणात पोक काढतात, आणि हलक्या घनतेच्या फळीत स्क्रू दोन वेळा काढला-घातला की भोक सैल होतं. शेगडीच्या बाजूला किंवा धान्याच्या वजनाखाली त्या नकोत.

वजन हा आपल्या स्वयंपाकघराचा वेगळाच विषय आहे. परदेशी पुस्तिकेतल्या वरच्या कपाटात कपबश्या आणि पास्त्याची पाकिटं असतात. नगरच्या घरात वर्षभराची ज्वारी-बाजरी, पापड-कुरडयांचे डबे, पितळेची पातेली, पुरणयंत्र आणि सणावारालाच निघणारी मोठी भगुणी असतात. फळीचा झोळ रुंदीच्या चौथ्या घाताने वाढतो. दर फुटाला तेवढंच ओझं ठेवलं, तर ९० सेंटिमीटर रुंद कपाटातली फळी जेवढी झुकते त्याच्या पाचव्या हिश्शाइतकीच ६० सेंटिमीटरची झुकते. म्हणून पार्टिकल बोर्ड घ्यायचा तर खण अरुंद घ्या. रुंद घेऊन जाड फळीचे पैसे मोजण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. धान्याची कोठी कपाटाच्या नादी लावूच नये, ती जमिनीवर बरी. वरची कपाटं बहुतेक पद्धतींत भिंतीला ठोकलेल्या लोखंडी पट्टीवर लटकतात, म्हणजे सगळं ओझं चार-सहा स्क्रूंवर. भाजक्या विटेच्या भिंतीत ते चालतं. नगरच्या जुन्या पेठांतल्या वाड्यांच्या भिंती मात्र दगड आणि पांढऱ्या मातीच्या, तिथे बोल्ट माती उकरून बाहेर येतो. नव्या इमारतींत हलके सिपोरेक्सचे ठोकळे असतात आणि त्यांना वेगळे अँकर लागतात, साधा प्लास्टिकचा गट्टू नव्हे. भिंत कशाची आहे हे विचारल्याशिवाय भाव सांगणारा विक्रेता कपाट विकतो आहे. ते भिंतीवर राहील की नाही, ही त्याची काळजी नाही.

आणखी एक गोष्ट पेटीत ठरूनच येते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही, ती म्हणजे उंची. युरोपी मापात पाय, पेटी आणि वरचा पाटा मिळून ओटा साधारण ९० सेंटिमीटरवर जातो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे उभं राहिल्यावर कोपर सुमारे ९५ वर येतं. भाजी चिरायला हात कोपरापेक्षा वीतभर नाही तरी चार बोटं खाली हवा, कणीक मळायला आणि भाकरी थापायला त्याहून खाली, कारण तिथे खांद्याचा भार द्यावा लागतो. त्यावर १० सेंटिमीटरची शेगडी आणि १५-२० सेंटिमीटरचं पातेलं ठेवलं की डाळ घोटणारी बाई अक्षरशः हात उंचावून काम करते. रोज भाकरी थापणाऱ्या घरात ८० ते ८५ सेंटिमीटरचा ओटा सुखाचा. दगडी ओटा मिस्त्रीला सांगून दोन इंच खाली घेता येतो, पेटीचा सांगाडा घेता येत नाही. फार तर त्याचे पाय आखूड करता येतात आणि मग तळ पुन्हा फरशीच्या पाण्याजवळ येतो. ओल्या बाजूला दगड ठेवण्याचं हे दुसरं कारण, आणि घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने कदाचित पहिलं.

गॅसचं कारण तिसरं. १४.२ किलोच्या सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. बंद पाठीच्या आणि बंद तळाच्या पेटीत सिलिंडर ठेवणं म्हणजे गळतीला कोंडून ठेवणं. शटरच्या तळाशी आणि माथ्याशी हवेची जाळी हवीच, सिलिंडर उभा आणि शेगडीपेक्षा खालीच हवा. कडप्प्याच्या खणाला तळ फरशीचाच असल्याने ही सोय आपोआप होते.

दगडी सांगाड्याला कारखान्याची शटरं कशी लावणार, हा आक्षेप रास्त आहे. दगडात ३५ मिलिमीटरच्या बिजागरीची ताटली थेट स्क्रूने बसत नाही. त्यासाठी कडप्प्याच्या पाटीला डब्ल्यूपीसीची किंवा अॅल्युमिनियमची उभी पट्टी बोल्टने घट्ट करून तिच्यावर बिजागरी बसवतात. काम किचकट नाही, पण मापात हवं, आणि पेटीवाल्याकडूनच ओट्याची शटरं त्याच रंगात मागवली तर समोरून दगड आणि पेटी यांतला फरक दिसतही नाही. दुसरा आक्षेप भाड्याने राहणाऱ्यांचा: पेटीतलं कपाट घर बदलताना सुटं करून नेता येतं, ओटा नेता येत नाही. खरं आहे, पण पार्टिकल बोर्डातली मिनीफिक्सची, म्हणजे फळ्या जोडणाऱ्या खिट्ट्यांची, भोकं एकदा सुटली की दुसऱ्या जोडणीत तेवढी आवळत नाहीत. एकदा नेता येईल, दर ११ महिन्यांच्या कराराला नव्हे. तिसरा आक्षेप तब्येतीचा. राळेतलं फॉर्मल्डिहाइड हवेत सुटतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ते कर्करोगकारक ठरवलं. म्हणून 'ई-१' किंवा त्याहून कडक दर्जाची फळी मागावी आणि कपाटं लावल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ही अट प्लायवूडलाही तितकीच लागू आहे, कारण राळ तिथेही असते.

भावाची तुलना करताना एक खोड लक्षात ठेवावी. सुतार समोरच्या चौरस फुटावर भाव सांगतो, ट्रॉलीवाला नगावर, पेटीवाला पेटीवर, आणि बिजागऱ्या, चॅनेल, हँडल, वाहतूक, जोडणी आणि १८ टक्के जीएसटी यांतलं काय आत आणि काय बाहेर हे प्रत्येकाचं निराळं. तिघांना एकच रेखाटन देऊन, त्यावर शटर किती, ड्रॉवर किती, फळी कोणत्या मानकाची हे लिहून, जोडून दिल्याचा एकूण आकडा मागितला तरच तुलना होते. तसं केलं की बहुधा असं दिसतं की पेटीत सर्वांत महाग भाग ड्रॉवरच्या यंत्रणेचा आहे आणि फळीचा नाही. म्हणून ओट्याखाली जाळ्या चालत असतील तर महागडे बंद ड्रॉवर कोरड्या भिंतीला दोन-तीनच घ्यावेत, पण ते चांगल्या चॅनेलचे घ्यावेत.

कामाचा क्रमही याच हिशेबातून येतो. आधी नळकाम आणि सिंकचा सापळा, तोही हात घालून आवळता येईल असा. मग दगडी ओटा, मग टाइल्स, आणि त्यानंतरच पेटीचं माप. हा शेवटचा भाग उलटा होतो आणि पुढचे सगळे वाद तिथून सुरू होतात. प्लॅस्टर केलेली ३ मीटरची कोरडी भिंत बघून कुणीही ६० सेंटिमीटरच्या पाच पेट्या मागवील. पण दोन्ही बाजूंच्या भिंतींना टाइल आणि तिच्यामागचा मसाला मिळून प्रत्येकी अडीच सेंटिमीटर खातात, उरतात २ मीटर ९५, आणि पाचवी पेटी दारातच उभी राहते. त्यापेक्षा ६० च्या चार, ४० ची एक असा हिशेब आधीच धरावा. जी १५ सेंटिमीटरची फट राहते तिला पुढून एक अरुंद शटर लावावं. पोळपाट, परात, ताटं आणि तवे त्यात उभे राहतात.